एका मूक वर्णाचे ऋण : इंग्रजी ‘डेट’ या शब्दाचा अर्थ, व्युत्पत्ती आणि लेखन

प्रस्तावना

इंग्रजी भाषेत ऋण किंवा कर्ज या अर्थाने येणारा ‘डेट’ हा शब्द डी, ई, बी, टी अशा चार अक्षरांनी लिहिला जातो. उच्चारात मात्र त्यांपैकी तीनच अक्षरे येतात. तिसऱ्या स्थानावरील ‘बी’ मूक आहे. शालेय व्याकरणापासून महाविद्यालयीन भाषाविज्ञानापर्यंत ‘मूक अक्षरे’ या सदराखाली हा शब्द हमखास उदाहरण म्हणून दिला जातो आणि त्याचे स्पष्टीकरणही बहुधा ठरलेले असते. हे अक्षर पूर्वी उच्चारले जात असे, कालौघात उच्चार लोपला आणि लेखनात अक्षर तेवढे उरले, असे विद्यार्थ्यांना सांगितले जाते. ‘नाइट’ (सरदार) आणि ‘नी’ (गुडघा) या शब्दांच्या आरंभी लिहिल्या जाणाऱ्या ‘के’च्या बाबतीत हे स्पष्टीकरण बरोबर आहे. ‘डेट’च्या बाबतीत ते चुकीचे आहे. इंग्रजीच्या रूढ उच्चारात या शब्दातील ‘बी’ला कधीच स्थान नव्हते. शब्द इंग्रजीत रुळल्यानंतर विद्वानांनी आणि लेखनिकांनी तो लेखनात आणून बसवला.

हा फरक वरवर किरकोळ वाटण्याचा संभव आहे. परंतु शुद्धलेखनाला आपण कोणत्या दृष्टीने पाहतो, या प्रश्नाशी तो थेट निगडित आहे. लेखनातील प्रत्येक अक्षर भाषेच्या स्वाभाविक वाढीतून आले आहे असे मानले, तर ते न येणारा विद्यार्थी भाषेलाच अनभिज्ञ ठरतो. तेच अक्षर एका विशिष्ट काळातील, विशिष्ट वर्गाच्या प्रतिष्ठेच्या कल्पनेतून आले आहे हे ध्यानात आले, तर शुद्धलेखन हा इतिहासाचा भाग ठरतो आणि त्याच्या अध्यापनाची रीतही बदलते. प्रस्तुत लेखात ‘डेट’ या शब्दाचा अर्थविस्तार, त्याची व्युत्पत्ती आणि त्याच्या लेखनातील बदल यांचा परामर्श घेऊन, शेक्सपिअरच्या ‘लव्ह्ज लेबर्स लॉस्ट’ या नाटकात या एका अक्षरावरून झालेल्या वादाचे विवेचन करावयाचे आहे. त्याच्या प्रकाशात मराठीतील ‘ऋण’ आणि ‘कर्ज’ या दोन शब्दांच्या लेखनाचाही विचार केला आहे.

एक खुलासा आरंभीच केलेला बरा. दिनांक या अर्थाचा इंग्रजी शब्दही आपण देवनागरीत ‘डेट’ असाच लिहितो. इंग्रजीत या दोन शब्दांचे स्वर वेगळे आहेत. देवनागरी लेखनात तो भेद राहत नाही. दिनांकवाचक शब्द लॅटिनमधील ‘दाता’ म्हणजे ‘दिलेली’ या रूपापासून आला आहे. पत्र कोठे व केव्हा दिले हे नोंदविण्याच्या प्रघातातून त्याला काळाचा अर्थ मिळाला. तेव्हा आपल्या लिपीत एकरूप झालेल्या या दोन शब्दांपैकी एकाच्या मुळाशी ‘दिलेले’ आहे आणि दुसऱ्याच्या मुळाशी ‘द्यावयाचे राहिलेले’ आहे. या लेखात ‘डेट’ म्हणजे सर्वत्र दुसरा शब्द समजावा.

अर्थ आणि कुळ

लॅटिनमधील ‘देबेरे’ हे क्रियापद ‘दे’ (पासून) आणि ‘हाबेरे’ (जवळ असणे, बाळगणे) या दोन घटकांपासून सिद्ध झाले आहे. दुसऱ्याचे असलेले काही त्याच्यापासून दूर, आपल्याजवळ ठेवणे हा त्याचा मूलार्थ होय. त्यातून ‘देणे लागणे’ हा अर्थ आला आणि पुढे ‘कर्तव्य असणे’ हाही अर्थ जोडला गेला. या क्रियापदाचे ‘देबितुम’ हे रूप म्हणजे ‘जे देणे आहे ते’. बोलीतील लॅटिनमधून हा शब्द प्राचीन फ्रेंचमध्ये आला तेव्हा मधला ‘ब’ गळून गेला आणि शब्द ‘देत्ते’ असा झाला. १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर इंग्लंडच्या राज्यकारभारावर आणि न्यायव्यवस्थेवर फ्रेंच भाषेचा जो पगडा बसला, त्याच्या ओघात असंख्य फ्रेंच शब्द इंग्रजीत आले. तेराव्या शतकाच्या अखेरीस ‘डेट’ही इंग्रजीत आलेला दिसतो. तो आला तो ‘बी’विना.

याचा पुरावा चॉसरच्या काव्यात आहे. चौदाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या ‘कँटरबरी टेल्स’च्या प्रस्तावनेत एका व्यापाऱ्याचे वर्णन आहे. तो आपल्या नफ्याविषयी सतत बोलतो, व्यवहारात चतुर आहे, आणि तो कर्जात असल्याचा कोणाला पत्ताही नाही, असे कवी मिश्कीलपणे सुचवतो. येथे चॉसरने कर्जासाठी योजलेला शब्द ‘बी’रहित आहे आणि त्याचे यमक ‘बिसेट्टे’ या शब्दाशी जुळवलेले आहे. हे यमक जुळते याचाच अर्थ शब्दाच्या उच्चारात ‘ब’ नव्हता.

याच लॅटिन मुळापासून इंग्रजीत आलेल्या इतर शब्दांचा विचार केल्यास भाषेतील दोन प्रवाह स्पष्ट होतात. ‘ड्यू’ (देय) आणि ‘ड्यूटी’ (कर्तव्य) हे शब्द फ्रेंचच्या वाटेने आले. त्यांच्यात ‘बी’ नाही आणि कोणी तो घालण्याचा प्रयत्नही केला नाही. ‘डेबिट’ हा शब्द लॅटिनमधून थेट उचलला गेला; त्यात ‘बी’ लिहिला जातो आणि उच्चारलाही जातो. आपल्या वाणिज्य शाखेच्या अध्यापनात ‘नावे’ या अर्थाने येणारा डेबिट आणि येथे विचारात घेतलेला डेट हे अशा रीतीने एकाच लॅटिन शब्दाचे दोन वंशज आहेत. कर्जरोख्यांना ‘डिबेंचर’ म्हणतात, त्याचे मूळ ‘देबेंतुर’ म्हणजे ‘देणे आहेत’ या लॅटिन क्रियापदात आहे. एकाच कुळातील जे शब्द लोकांच्या तोंडून आले त्यांचा ‘ब’ झिजला, आणि जे कागदपत्रांतून आले त्यांचा टिकला. ‘डेट’ हा एक चमत्कारिक अपवाद आहे. तो तोंडून आला आणि त्याला कागदावरचा वेष चढवला गेला.

अर्थाच्या दृष्टीनेही या शब्दाचा एक प्रवास लक्षणीय आहे. बायबलमधील मत्तयकृत शुभवर्तमानात येशूने शिकवलेल्या प्रार्थनेत ऋणमोचनाची याचना आहे. चौदाव्या शतकातील विक्लिफच्या परंपरेतील इंग्रजी भाषांतरात तेथे हाच शब्द ‘बी’शिवाय येतो. १५२६ च्या टिंडलच्या भाषांतरात त्याऐवजी अपराध या अर्थाचा शब्द आहे, तर १६११ च्या राजा जेम्सच्या आवृत्तीत पुन्हा ‘डेट’ आला, तो ‘बी’सह. ऋण आणि पाप यांची ही सांगड येशूच्या अरामी भाषेतच होती. तेथे दोहोंसाठी एकच शब्द होता. जर्मनमधील ‘शुल्ड’ या शब्दातही दोष आणि देणे हे दोन्ही अर्थ आहेत. नीत्शेने १८८७ मधील आपल्या नीतीच्या वंशावळीवरील ग्रंथात त्यावरच आपले प्रतिपादन उभारले. मराठी बायबलमध्येही या ठिकाणी ‘ऋण’ हा शब्द योजलेला आहे, आणि ज्या परंपरेत तैत्तिरीय संहितेपासून ऋषिऋण, देवऋण व पितृऋण यांची कल्पना रुजलेली आहे, त्या परंपरेतील वाचकाला हा अर्थविस्तार परका वाटण्याचे कारण नाही. जे आपले नाही ते आपल्यापाशी आहे, ही अवस्थाच अनेक संस्कृतींनी नैतिक जाणिवेचा आरंभ मानलेली दिसते.

‘बी’चे आगमन

पंधराव्या आणि विशेषतः सोळाव्या शतकात युरोपात ग्रीक-लॅटिन विद्येच्या पुनरुज्जीवनाबरोबर लॅटिनची प्रतिष्ठा वाढली. देशी भाषांना अजून ग्रंथभाषेचा मान मिळावयाचा होता. त्या काळच्या विद्वानांच्या दृष्टीने आपल्या भाषेतील शब्द लॅटिनचा वंशज आहे हे दाखविणे म्हणजे त्याची कुलीनता सिद्ध करणे होते. फ्रेंच लेखनिकांनी आपल्या शब्दात ‘ब’ लिहावयास आधीच आरंभ केला होता. इंग्रजांनीही तोच मार्ग धरला. ‘डाउट’ (शंका) हा शब्दही असाच बदलला. लॅटिन ‘दुबितारे’ची आठवण राहावी म्हणून त्यात ‘बी’ आला. ‘सटल’ (सूक्ष्म) या शब्दात लॅटिन ‘सुब्तिलिस’साठी ‘बी’, तर ‘रिसीट’ (पावती) या शब्दात ‘रेकेप्तुम’साठी ‘पी’ घालण्यात आला. पुढे फ्रेंचांनी आपल्या शब्दातील ‘ब’ काढून टाकला. आजचा फ्रेंच शब्द पुन्हा ‘बी’विरहित आहे. ज्या भाषेकडून शब्द उसना घेतला तिने हा भार खाली ठेवला, आणि उसनवारी करणारी इंग्रजी मात्र तो आजही वाहत आहे.

या सुधारणेत सुसंगती होती असेही नाही. ‘रिसीट’, ‘डिसीट’ (कपट) आणि ‘कन्सीट’ (गर्व) हे तिन्ही शब्द एकाच लॅटिन धातूचे. पण ‘पी’ मिळाला तो एकट्या ‘रिसीट’ला. काही ठिकाणी तर मूळच चुकीचे धरले गेले. ‘आयलंड’ (बेट) हा अस्सल जुना इंग्रजी शब्द आहे. ‘इन्सुला’ या लॅटिन शब्दापासून फ्रेंचमार्गे आलेल्या ‘आइल’शी त्याचे काही नाते नसताना, केवळ साम्यावरून त्यात ‘एस’ घुसवण्यात आला. म्हणजे ‘डेट’चा ‘बी’ निदान खऱ्या पूर्वजाची खूण आहे. ‘आयलंड’चा ‘एस’ ही खोटी वंशावळ आहे.

यावरून इंग्रजीतील मूक अक्षरांचे निदान तीन वर्ग करावे लागतात. पहिला वर्ग ध्वनीच्या अवशेषांचा. ‘नाइट’, ‘नी’ यांतील ‘के’ किंवा ‘राइट’ (लिहिणे) मधील ‘डब्ल्यू’ एके काळी उच्चारले जात. दुसरा वर्ग विद्वत्तेने पुनःस्थापित केलेल्या अक्षरांचा. ‘डेट’, ‘डाउट’, ‘रिसीट’ हे त्यातील. तिसरा वर्ग भ्रामक साम्यातून आलेल्या अक्षरांचा. ‘आयलंड’ त्यात मोडतो. ‘थम’ (अंगठा) हा शब्दही त्यातलाच, कारण त्याच्या अंती लिहिला जाणारा ‘बी’ जुन्या इंग्रजीत नव्हता. ‘लॅम’ (कोकरू) सारख्या, जेथे तो खरोखर उच्चारला जात असे, अशा शब्दांच्या अनुकरणाने तो आला. हे तीनही वर्ग एकाच सदराखाली शिकवले की विद्यार्थ्याला इंग्रजीचे लेखन सर्वस्वी लहरी वाटू लागते. वर्ग वेगळे केले की प्रत्येक लहरीमागचे कारण दिसते.

येथे आणखी एक बाब नोंदवणे आवश्यक आहे. लेखनाने उच्चाराला कधीच वाकवले नाही, असे म्हणता येणार नाही. ‘फॉल्ट’ (दोष) हा शब्द मध्ययुगीन इंग्रजीत ‘एल’विना होता, लॅटिन संबंध दाखविण्यासाठी ‘एल’ आला, अठराव्या शतकातही अनेकांच्या बोलण्यात तो मूक होता, आणि आज तो सर्वत्र ऐकू येतो. ‘पर्फेक्ट’ (परिपूर्ण) मधील ‘सी’ आणि ‘अॅडव्हेंचर’ (साहस) मधील ‘डी’ हेही असेच बाहेरून येऊन उच्चारात स्थिरावले. ‘व्हर्डिक्ट’ (निवाडा) या शब्दात घातलेला ‘सी’ आज उच्चारला जातो, तर न्यायालयीन भाषेतीलच ‘इन्डाइट’ (आरोप ठेवणे) या शब्दातील ‘सी’ मूकच राहिला. तेव्हा ‘डेट’मधील ‘बी’चा उच्चार होऊ लागणे अशक्य नव्हते. ते व्हावे असा आग्रह धरणारी माणसेही होती. त्यांच्यापैकी एकाला शेक्सपिअरने रंगमंचावर आणले.

शेक्सपिअरचा पंतोजी

‘लव्ह्ज लेबर्स लॉस्ट’ हे नाटक १५९८ मध्ये छापले गेले. राणी एलिझाबेथसमोर त्याचा प्रयोग झाल्याचा उल्लेख त्याच्या मुखपृष्ठावर आहे. या नाटकातील हॉलोफर्नीझ हा गावचा पंतोजी आहे. राबले या फ्रेंच लेखकाच्या ‘गार्गांतुआ’मध्ये नायकाला वर्षानुवर्षे मुळाक्षरेच शिकवत बसणाऱ्या गुरूचे नावही हेच आहे. पाचव्या अंकाच्या पहिल्या प्रवेशात हॉलोफर्नीझ, डॉन आर्मादो या स्पॅनिश गृहस्थाच्या उच्चारांवर तुटून पडतो. ‘डाउट’ आणि ‘डेट’ हे शब्द तो ‘बी’ गाळून उच्चारतो, याचा पंतोजीला संताप येतो. ‘डेट’ची अक्षरे एकेक करून तो ऐकवतो. ‘काफ’ (वासरू) आणि ‘हाफ’ (अर्धा) यांतील ‘एल’चाही उच्चार झाला पाहिजे, असे त्याचे म्हणणे आहे.

या प्रवेशाकडे समीक्षेने बहुधा विद्वज्जडतेची टवाळी म्हणून पाहिले आहे, आणि ते खरेही आहे. परंतु शेक्सपिअरने या टवाळीत जो बारकावा ठेवला आहे, त्याची दखल घेतली पाहिजे. हॉलोफर्नीझच्या तक्रारींत ‘अबॉमिनेबल’ (किळसवाणे) हा शब्दही आहे. त्यात ‘एच’ हवा, असा त्याचा आग्रह आहे. त्या काळी हा शब्द लॅटिन ‘आब होमिने’ म्हणजे ‘माणसाला न शोभणारे’ यापासून आला असे समजले जाई. वस्तुतः त्याचे मूळ ‘ओमेन’ म्हणजे ‘शकुन’ या शब्दात आहे. ‘एच’ला तेथे जागाच नाही. म्हणजे एका दमात हा पंतोजी एक व्युत्पत्ती बरोबर सांगतो आणि दुसरी चूक, आणि दोन्हींविषयी त्याचा आत्मविश्वास सारखाच आहे. काळाचा निकालही गमतीचा आहे. ‘अबॉमिनेबल’चा ‘एच’ लेखनातूनही गेला. ‘डेट’चा ‘बी’ लेखनात राहिला, उच्चारात आला नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, ज्या नाटकात ‘डेट’च्या अक्षरांवरून वाद होतो, त्या नाटकाच्या कथानकाच्या मुळाशी एक प्रत्यक्ष कर्ज आहे. फ्रान्सची राजकन्या नावारच्या राजाकडे येते ती अॅक्विटेनच्या प्रश्नावर. एक लाख क्राउन परत केल्याचा दावा फ्रान्सचा राजा करतो. ती रक्कम आपल्याला मिळालीच नाही, शिवाय आणखी एक लाख येणे आहे आणि त्यापोटी अॅक्विटेनचा एक भाग तारण आहे, असे नावारचा राजा म्हणतो. राजकन्येपाशी पावत्या आहेत, पण त्यांचे पुडके अद्याप पोचलेले नाही. या व्यवहाराचा निवाडा प्रेक्षकांसमोर कधीच होत नाही. शेवटी राजकन्या आपली मागणी सहज मान्य झाल्याबद्दल आभार मानते, एवढेच कळते.

दुसरे ऋण वचनाचे आहे. राजा आणि त्याचे तीन सरदार तीन वर्षे विद्याभ्यासात घालविण्याची आणि स्त्रियांचे मुखही न पाहण्याची शपथ घेतात आणि ती लगेच मोडतात. तिसरे ऋण सर्वांत लहान, पण सर्वांत बोलके आहे. कॉस्टर्ड या खेडुताला आर्मादो एका कामाबद्दल तीन फार्दिंग देतो आणि त्याला ‘रिम्युनरेशन’ असे भारदस्त नाव देतो. कॉस्टर्डची समजूत होते की, तीन फार्दिंगला लॅटिनमध्ये ‘रिम्युनरेशन’ म्हणतात. पुढे बिरोन हा सरदार त्याला एक शिलिंग देतो आणि त्याला ‘गर्डन’ म्हणतो. कॉस्टर्ड लगेच हिशेब करतो की, दुसरा शब्द पहिल्यापेक्षा सव्वाअकरा पेन्सांनी सरस आहे. शिलिंगचे बारा पेन्स आणि तीन फार्दिंग म्हणजे पाऊण पेनी; हिशेब बिनचूक आहे. व्युत्पत्ती न जाणणाऱ्या माणसाने शब्दाचे मोल असे अचूक केले आहे.

या तीन ऋणांच्या पार्श्वभूमीवर हॉलोफर्नीझचा ‘बी’ ठेवून पाहिला की प्रवेशाचा अर्थ पालटतो. राजांचे ऋण पावत्यांवर अवलंबून आहे, सरदारांचे शब्दावर, कॉस्टर्डचे नाण्यांवर, आणि पंतोजीचे लॅटिनवर. आपण लॅटिनचे देणे लागतो आणि ते प्रत्येक अक्षरागणिक फेडले पाहिजे, ही त्याची श्रद्धा आहे. नाटकाच्या शेवटी स्त्रिया मात्र पुरुषांकडून ऋणफेड मागतात ती वर्षभराच्या आचरणाची. बिरोनला तर आपली विनोदबुद्धी रुग्णांना हसविण्यासाठी खर्च करावी लागणार आहे. शब्दाचे देणे शब्दाने फिटत नाही, हा या नाटकाचा निष्कर्ष आहे. सरदारांना तो जसा लागू आहे तसाच पंतोजीलाही.

तथापि शेक्सपिअर आपल्या पंतोजीला केवळ हास्यास्पद करून सोडत नाही. अखेरच्या अंकात गावकरी दरबारासमोर नऊ वीरांचा देखावा सादर करतात. हॉलोफर्नीझ त्यात ज्यूडास मॅकबीअस होतो आणि सरदार त्याची इतकी निर्दय थट्टा करतात की, त्याला भूमिका अर्धवट टाकावी लागते. जाताना तो त्यांना एकाच वाक्यात त्यांच्या वर्तनात औदार्य, सभ्यता आणि नम्रता नसल्याची जाणीव करून देतो. त्या वाक्यात लॅटिनचा एकही शब्द नाही आणि शब्दांच्या घाऊक राशीही नाहीत. दुसऱ्याच्या उच्चाराला हसणारा माणूस स्वतः हसण्याचा विषय झाल्यावर प्रथमच साधे आणि खरे बोलतो. विद्येच्या नावाने होणाऱ्या उपहासाची ही दोन्ही टोके एकाच पात्रात दाखविणे, ही या नाटकाची खरी समीक्षादृष्टी होय.

ऋण आणि कर्ज : मराठीतील दोन तत्त्वे

इंग्रजीच्या लेखनाविषयी आपल्याकडे एक सर्वसाधारण मत आहे. इंग्रजी लिहिते एक आणि बोलते दुसरेच. देवनागरी मात्र जसे बोलावे तसे लिहिते. हे मत बव्हंशी खरे असले तरी पुरते खरे नाही, आणि त्याची कसोटी ‘डेट’च्या अर्थाच्या आपल्या दोन शब्दांवरच घेता येते.

‘कर्ज’ हा शब्द अरबीतून फारसीमार्गे मराठीत आला. अरबीत त्याच्या अंती ‘दाद’ हे वर्ण आहे; फारसीने उच्चार बदलला तरी ते वर्ण जपले, आणि उर्दू आजही ते लिहिते. मराठीने त्या वर्णाची खूण ठेवली नाही. जसा शब्द कानी आला तसा तो लिहिला. ‘ऋण’ या शब्दाचे तसे नाही. त्यातील ‘ऋ’ हा संस्कृतातील स्वर मराठी बोलणाऱ्याच्या मुखातून आज ‘रु’ असा बाहेर पडतो. तरीही ‘रुण’ असे लिहिणे आपण अशुद्ध मानतो. कारण हा शब्द तत्सम आहे आणि त्याचे संस्कृत कुळ लेखनात दिसले पाहिजे असा आपला संकेत आहे. म्हणजे एकाच अर्थाच्या दोन शब्दांपैकी एक उच्चाराचे तत्त्व पाळतो आणि दुसरा व्युत्पत्तीचे. ‘ऋण’ लिहिताना आपण जे करतो तेच इंग्रज ‘डेट’ लिहिताना करतो. फरक आहे तो प्रमाणाचा.

मराठीने या प्रश्नाचा निर्णय एकदा जाहीरपणे केलाही आहे. पूर्वी ‘नांव’, ‘गांव’, ‘कांहीं’ अशा शब्दांवर अनुस्वार दिले जात. उच्चारात ते नव्हते. व्युत्पत्तीच्या किंवा व्याकरणाच्या आधारे ते दिले जात. मराठी साहित्य महामंडळाच्या शिफारशीनुसार महाराष्ट्र शासनाने १९६२ मध्ये मान्य केलेल्या लेखनविषयक नियमांनी हे अनुच्चारित अनुस्वार रद्द केले. इंग्रजीच्या भाषेत बोलावयाचे तर मराठीने आपल्या ‘डेट’मधला ‘बी’ काढून टाकला. मात्र ‘ऋ’ आणि ‘ष’ यांसारखे तत्सम शब्दांतील वर्ण कायम ठेवले. देशी शब्दांना उच्चाराचे तत्त्व आणि संस्कृत शब्दांना कुळाचे, अशी ही वाटणी आहे. तिचे समर्थन करता येते आणि तिच्यावर आक्षेपही घेता येतात. पण ती निसर्गनियम नाही, माणसांनी केलेली निवड आहे, हे विसरता कामा नये.

येथे अध्यापनाशी संबंधित असा एक विपर्यास दिसतो. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी पुष्कळदा ‘डेब्ट’, ‘डाउब्ट’, ‘रिसिप्ट’ असे उच्चार करतो. त्याची सवय देवनागरीची आहे. लिहिलेले प्रत्येक अक्षर वाचावे हे तिने त्याला शिकवले आहे. इंग्रजी शब्द त्याला कानाने मिळालेला नसतो, पुस्तकाने मिळालेला असतो. हॉलोफर्नीझ ज्या उच्चारासाठी तळमळत होता, नेमका तोच उच्चार हा विद्यार्थी करतो, आणि वर्गात हशा पिकतो. याउलट कानाने ऐकून शब्द लिहिणारा विद्यार्थी ‘बी’ गाळतो, म्हणजे चॉसरच्या काळच्या वळणावर जातो, आणि त्याचे गुण कापले जातात. प्रमाणलेखन शिकवणे आवश्यक आहे आणि उत्तरपत्रिकेत ते अपेक्षिणेही योग्य आहे, यात शंका नाही. परंतु या दोन्ही चुका बुद्धिमांद्याच्या निदर्शक नाहीत. पहिली लिपीवरच्या निष्ठेतून आली आहे, दुसरी कानाच्या प्रामाणिकपणातून. शिकवणाऱ्याला शब्दाचा इतिहास ठाऊक असेल, तर तो विद्यार्थ्याला चूक दाखवताना तिचे कारणही दाखवू शकतो. नसेल, तर त्याच्यापाशी उपहास तेवढा उरतो.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून काही निष्कर्ष मांडता येतात. इंग्रजी ‘डेट’ या शब्दातील ‘बी’ हा लोपलेल्या इंग्रजी ध्वनीचा अवशेष नाही. लॅटिनशी असलेले नाते दाखविण्यासाठी प्रबोधनकाळाच्या सुमारास तो लेखनात स्थिर करण्यात आला. म्हणून ‘मूक अक्षरे’ हा एकच वर्ग न मानता त्यांच्या उगमानुसार निराळे वर्ग शिकवले पाहिजेत. शेक्सपिअरने या अक्षराचा वाद अशा नाटकात ठेवला आहे, जेथे पैशाचे, वचनाचे आणि विद्येचे ऋण एकमेकांच्या कसाला लागते. त्यामुळे तो प्रवेश व्याकरणाच्या विनोदापुरता मर्यादित राहत नाही. मराठीतही ‘कर्ज’ आणि ‘ऋण’ या शब्दांनी लेखनाची दोन परस्परविरोधी तत्त्वे आपापल्या परीने जपली आहेत.

कोणतीही लिपी पूर्णपणे उच्चाराची नसते आणि पूर्णपणे व्युत्पत्तीचीही नसते. प्रत्येक भाषा आपल्या पूर्वजांचे काही देणे लेखनात मान्य करते आणि काही सोडून देते. कोणते मानावयाचे आणि कोणते सोडावयाचे हे ठरविण्याचा अधिकार त्या त्या काळी ज्यांच्या हाती लेखणी होती त्यांनी वापरला आहे. ती लेखणी आज परीक्षकाच्या, म्हणजे आपल्या हाती आहे. तांबड्या शाईने ‘बी’ भरून देताना त्या अक्षराची पाच-सहाशे वर्षांची हकीकत दोन वाक्यांत सांगता आली, तर विद्यार्थ्याला तो शब्द पुन्हा चुकण्याचे कारण राहणार नाही, आणि चुकलाच तरी त्याला लाज वाटण्याचेही कारण राहणार नाही.